पॉवर बीआयमध्ये फिल्टर कुठे लावायचा?

पॉवर बीआय या मायक्रोसॉफ्टच्या रिपोर्ट बनवायच्या साधनात फिल्टर लावण्याआधी एकच विचारा: वगळलेल्या ओळी पुढे कुणाला लागतील का? नक्कीच लागणार नसतील, तर त्या पॉवर क्वेरीतच, म्हणजे डेटा आत घेताना तो साफ करायच्या भागातच, काढा. मॉडेलमध्ये (रिपोर्ट ज्यावर चालतो त्या डेटात) त्या येणारच नाहीत आणि फाइल हलकी राहील. पण बंद झालेले प्रोजेक्ट तिथे काढू नका. मागच्या वर्षाशी तुलना मागितली की अडचण होते. त्यांच्यासाठी पानावरचा फिल्टर पुरे. रिपोर्ट वाचणारा विभाग, महिना सतत बदलतो, तिथे स्लायसर, म्हणजे पानावरच दिसणारी निवडीची चौकट, द्या. एका पानावर तीन-चार खूप झाले.

रिकाम्या नोंदी मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. मॅनेजरांची नावं निवडून फिल्टर लावला, तर ज्या कामाला अजून मॅनेजरच नेमलेला नाही ते रिपोर्टमधून गायब होतं. बऱ्याचदा रखडलेलं कामही तेच असतं.

लपवलेला फिल्टर म्हणजे सुरक्षा नव्हे. एका टीमला दुसऱ्या टीमचा खर्च दिसू नये असं असेल, तर रो-लेव्हल सिक्युरिटीच (कुणाला कोणत्या ओळी दिसाव्यात हे ठरवणारा नियम) लावा. वर्कस्पेसमधल्या (रिपोर्ट ठेवायच्या सामायिक जागेतल्या) अ‍ॅडमिन, मेंबर आणि कॉन्ट्रिब्युटर यांना ती लागू होत नाही, म्हणून रिपोर्ट फक्त वाचणाऱ्यांना व्ह्यूअरच ठेवा.