पहिली टर्की? मांड्याच आण

थँक्सगिव्हिंगचा सण जवळ आला की इथे अमेरिकेत दुकानादुकानांत अख्ख्या टर्कीचे ढीग लागतात, आणि नवीन माणूस हमखास बारा-चौदा पौंडांचा पक्षी उचलून आणतो. तू आणू नकोस. तो गोठलेला असतो, फ्रीजमध्ये त्याचा बर्फ नुसता वितळायलाच तीन दिवस लागतात, आणि भाजताना मांडी शिजेपर्यंत छाती कोरडी ठणठणीत होते.

मांड्या आण, हाडासकट. मांस गडद, चरबी बऱ्यापैकी, त्यामुळे थोडं जास्त शिजलं तरी बिघडत नाही. कातडी काढ, खोल चिरा दे आणि दही, आलं-लसूण, हळद, तिखट, मीठ चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव. टर्कीला मटणासारखी स्वतःची जोरदार चव नसते, म्हणून मीठ आतपर्यंत मुरायला वेळ द्यावाच लागतो. कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटण कर. परतताना कडेने तेल सुटलं की मांड्या घाल, गरम पाणी ओत आणि झाकण ठेवून मंद आचेवर दीड तास तरी रटरटू दे. हाडावरचं मांस चमच्याने सहज सुटलं की झालं.

थर्मामीटर मात्र घेच. कुठलाही भाग आतून 165 अंश फॅरनहाइटला पोचायलाच हवा. मांडी 180 पर्यंत गेली तर उलट मऊ होते. छाती तिथे चिवट होते.

रोजच्या जेवणाला खिमा उत्तम. चरबी कमी असते, तेव्हा तेलाला हात आखडू नकोस. पाणी आटत आलं की फ्रोझन मटार टाक, दोन-तीन मिनिटांत उतरव, वर लिंबू पिळ.