मारुतीच्या पाया का पडायचं?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तणतणत विचारलंस, "आई, वडोदऱ्यात मलखांबावर चढायच्या आधी मारुतीच्या पाया का पडायचं? ही जिम आहे की देऊळ?" आबांना विचारलंस तर ते म्हणाले, "आधी पाया पड, मग सांगतो." म्हणजे सांगणार नाहीत. मला चाळीस वर्षांत सांगितलेलं नाही!

मलखांब पुन्हा रुजवला तो बाळंभट्टदादा देवधरांनी, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात. निजामाकडच्या मल्लांनी पुण्यात आव्हान दिलं, तेव्हा दादा सप्तशृंगीवर जाऊन बसले आणि मारुतीने दृष्टांतात लाकडी खांबावरचे पेच दाखवले, अशी कथा सांगतात.

हसलास ना? मग तुझ्या सकाळच्या वाडग्यातल्या कॉर्नफ्लेक्सचं ऐक. अमेरिकेत मिशिगनमध्ये, आपल्या कलामाझूपासून जवळच ओट्सेगो आहे. तिथे १८६३ च्या जूनमध्ये एलन व्हाइट या बाईंना दृष्टांत झाला: शरीर नीट राखणं हेही देवाचंच काम. दारू-तंबाखू नको, मांस नको, साधं खा, मोकळ्या हवेत राहा. त्यांच्या ॲडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाने १८६६ मध्ये बॅटल क्रीकला आरोग्यसंस्था काढली. पुढे तिथले डॉक्टर झाले जॉन हार्वे केलॉग. रोग्यांना सपक, शाकाहारी काहीतरी द्यायचं, या खटपटीत धान्याचे ते पापुद्रे निघाले. साखर घातली धाकट्या भावाने, आणि दोघांचं जे बिनसलं ते कायमचं. (तू साखर वाढवून घेतोस, म्हणजे तू धाकट्याच्या पक्षातला.)

मारुतीपुढे मुसलमान उस्ताद कसे, हा तुझा दुसरा प्रश्न. तुझा आखाडा ज्यांच्या नावाचा, ते जुम्मादादा मुसलमान उस्तादच होते. त्यांच्या शिष्याने, राजरत्न माणिकरावांनी, आखाडा गुरूच्या नावानेच चालवला. 'जुम्मादादा व्यायाममंदिर' ही पाटी वाच, तुझं उत्तर त्या दोन शब्दांतच आहे.

त्याच माणिकरावांकडे १९०७ पासून तीन वर्षं डभोईचा एक मुलगा शिकला, जगन्नाथ गुणे. पुढे नर्मदाकाठी मालसरला माधवदासजी महाराजांकडे योग शिकून ते स्वामी कुवलयानंद झाले. पण स्वामी होऊनही गप्प बसले नाहीत. नौली, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळायची योगक्रिया, करताना पोटात नक्की होतं काय, हे त्यांनी बडोद्याच्या इस्पितळात क्ष-किरणांखाली पाहिलं आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. मला ते फार आवडतात. गुरूंनी सांगितलं ते मानलं, आणि तपासूनही पाहिलं.

मी पाया पडायचे ते भक्तीने नव्हे, खरं सांगते. धावत आलेलं पोर वाकलं की क्षणभर थांबतं, आणि एरंडेल लावलेल्या खांबावर धापा टाकत चढलं की घसरतंच. एकदा न वाकता चढले होते. हनुवटीवरची खूण तुला माहीत आहे.

आबांना हे सगळं सांगू नकोस, त्यांना वाटेल मी त्यांचं गुपित फोडलं. आणि तेलाचे हात चड्डीला पुसू नकोस. ते डाग निघत नाहीत, आजी मलाच फोन करते.

तुझी,
आई