अणुइंधनाच्या कचऱ्यातला रेडॉन हजारो वर्षांत किती माणसांना बाधेल, हे कसं काढतात? आमच्या औंढ्याला धोका आहे का?

धोक्याचं आधी सांगतो, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. औंढा नागनाथजवळ अणुऊर्जा विभागाचा प्रकल्प होतोय आणि गावात 'इथं अणुकचरा पुरायलेत' असं लोक बोलतात, असं तुम्ही लिहिलंय. तो प्रकल्प लायगोचा. चार-चार किलोमीटरच्या दोन नळ्या, त्यांत लेसर, आणि अंतराळातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपायचं काम. विभागाच्या नावात अणू आहे, पण तिथे ना अणुभट्टी, ना युरेनियम, ना कचरा. घरच्यांना हे नक्की सांगा.

आता मुख्य प्रश्न. रेडॉन हा किरणोत्सारी वायू. त्याचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे भट्टीतून काढलेलं जळकं इंधन येतं. त्यातून रेडॉन फारसा निघत नाही. इंधन बनवताना युरेनियम शुद्ध करतात, तेव्हा रेडॉनला जन्म देणारं रेडियम त्यातून बाजूला पडतं आणि ते पुन्हा साठायला लाखो वर्षं लागतात. जळक्या इंधनात भ्यायचं ते सिझियम, स्ट्रॉन्शियम आणि प्लुटोनियमला. रेडॉन येतो खाणीजवळच्या गाळातून. झारखंडच्या जादुगुडाला 1967 पासून युरेनियम निघतं. तिथला एक टन दगड दळला तर जेमतेम अर्धा-पाऊण किलो युरेनियम हाती लागतं. बाकी सगळा चोथा, तोच हा गाळ, जसं कारखान्यात रस काढून चिपाड उरावं तसं. फरक एवढाच की या चोथ्यात मूळ दगडातला सुमारे 85 टक्के किरणोत्सार शिल्लक असतो.

रेडॉनचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मा संपायला लागणारा काळ, 3.8 दिवसांचं. मग हजारो वर्षांची गोष्ट कुठून आली? आपल्याकडची विहीर आठवा. पाणी उपसलं तरी झरा जिवंत असेल तर ती पुन्हा भरते. रेडॉन हे उपसलेलं पाणी, रेडियम ही विहीर (अर्धं आयुष्य 1,600 वर्षं) आणि थोरियम-230, ज्यापासून रेडियम बनत राहतं, हा झरा. त्याचं अर्धं आयुष्य सुमारे 75,000 वर्षं.

हिशोब कसा मांडतात ते एका उदाहरणाने दाखवतो. यातले आकडे मी फक्त समजावण्यासाठी धरलेत. समजा, एका गाळाच्या ढिगातून उडालेल्या रेडॉनने 100 कोटी लोकांना माणशी वर्षाला 0.01 मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते (सिव्हर्ट हे अंगाला लागलेला किरणोत्सार मोजायचं एकक, मायक्रोसिव्हर्ट त्याचा दहा लाखावा भाग). निसर्गातून आपल्याला सरासरी 2,400 मिळतात आणि त्यांतले जवळपास निम्मे रेडॉनचेच असतात. सगळ्यांची मात्रा एकत्र केली की 10 सिव्हर्ट होते. एका सिव्हर्टला सुमारे 5 टक्के जीवघेण्या कर्करोगाचा धोका धरतात, म्हणजे वर्षाला अर्धा मृत्यू. शंभर वर्षांत 50. दहा हजार वर्षांत 5,000. आणखी पुढे मोजत गेलात तर आकडा आणखी फुगतो. ढीग तोच, रेडॉन तेवढाच, घड्याळ कुठे थांबवलं त्यावर सगळं ठरतं. शिवाय मोठ्या मात्रेत दिसलेला परिणाम इतक्या बारीक मात्रेतही त्याच प्रमाणात होतो, असं यात गृहीत धरलंय. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने 2007 मध्ये स्पष्टच सांगितलं की अतिसूक्ष्म मात्रा प्रचंड लोकसंख्येवर आणि प्रदीर्घ काळावर पसरून मृत्यू मोजू नयेत. मला ते पटतं. दहा हजार वर्षांनी माणसं कुठे राहतील, कर्करोगावर औषध असेल का, हे न कळता काढलेला आकडा मी विद्यार्थ्यांना कधी उत्तर म्हणून लिहू दिला नाही.

पण म्हणून ढीग उघडा टाकायचा का? मुळीच नाही! ढिगाला लागून राहणाऱ्यांना मिळणारी मात्रा आजची आहे, मोजता येणारी आहे. अमेरिकेत असे ढीग माती-दगडांनी झाकताना झाकण शक्यतो 1,000 वर्षं आणि कमीत कमी 200 वर्षं टिकलं पाहिजे असा नियम आहे. मला हा हिशोब जास्त प्रामाणिक वाटतो. मातीचा जाड थर ओलांडेपर्यंत बराचसा रेडॉन आतच विरतो, 3.8 दिवसांचं आयुष्य तिथे आपल्या कामी येतं.

आणि रेडॉन तुमच्या-माझ्या घरातही आहे, जमिनीतून येतो. औंढ्याखाली काळा बेसाल्ट आहे, त्यात युरेनियम कमी. आमच्या देगलूर-बिलोलीकडे ग्रॅनाइट, त्यात जास्त. विद्यार्थी असताना मी जुन्या माळवदाच्या घरांत रेडॉन मोजायच्या फिल्म टांगत फिरलोय, तीन-तीन महिने ठेवायच्या. थंडीत दारं-खिडक्या लावून घेतलेल्या खोल्यांची मला जास्त काळजी वाटायची. जागतिक आरोग्य संघटना घरातली पातळी घनमीटरला 100 बेकरेलखाली ठेवा म्हणते (सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल). पातळी दर 100 बेकरेलने वाढली की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्के वाढतो, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला रेडॉनचा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे 25 पट असतो. घरात कुणी बिडी ओढत असेल तर औंढ्याच्या प्रकल्पाआधी त्यांच्याशी बोला, आणि झोपायच्या खोलीची खिडकी सकाळी तासभर तरी उघडी ठेवा.