गावच्या कढीपत्त्याचा वास ठाण्यातल्या कुंडीत का येत नाही?

तुम्ही विचारलंय, की साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या घरामागच्या कढीपत्त्याच्या मुळाला फुटलेलं रोप ठाण्याला आणलं, तीन वर्षांत ते झकास वाढलं, पण फोडणीत घातलं की गावचा वास येत नाही. जात बदलली का?

जात बदललेली नाही. मुळाला फुटलेलं रोप म्हणजे तेच झाड, जनुकंही तीच. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, ठाण्यातच वर्तकनगरला माझ्याही खिडकीत कढीपत्ता आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक पान उन्हाकडे धरून बघा. टाचणीच्या टोकाएवढे पारदर्शक ठिपके दिसतील. त्या तेलाच्या पिशव्या. लिंबू, संत्रं, बेल यांच्या पानांतही त्या असतात, कारण ही सगळी एकाच कुळातली. वास कोणता हे जनुकांनी ठरवलेलं असतं. किती, ते बरंचसं ऊन-पाण्यावर.

माणमध्ये वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस, ठाण्यात त्याच्या चार-पाचपट. पाण्याची थोडी ओढ बसली की आधी वाढ मंदावते, पण पानं उन्हात साखर बनवत राहतात. वाढीत न खपलेला तो कार्बन तेलं आणि टॅनिन नावाच्या तुरट द्रव्यांकडे वळतो. पानही लहान नि जाड राहतं. कुंडीत मात्र ग्रिलमधून दोन तास ऊन, रोज पाणी, वर आंबट ताक आणि खत. झाड लुसलुशीत पानं काढत सुटतं आणि तेल पांगतं.

हे एका झाडाच्या आयुष्यातलं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब वेगळा, कधी अगदी उलटा. बोलिव्हियातल्या रानमिरच्यांत ओलसर भागात जवळजवळ सगळी झाडं तिखट, तर कोरड्या भागात तिखट आणि बिनतिखट शेजारीशेजारी. तिखटपणा बी कुजवणाऱ्या बुरशीला रोखतो, म्हणून ओल्या हवेत तो कामाचा. कोरड्यात बुरशी कमी, आणि पाणी कमी पडलं की तिखट झाडांना बिया बिनतिखटांच्या निम्म्याच धरतात. मग तिखट जनुकं तिथे मागे पडतात.

नवं रसायन येतं कुठून? जनुकाची कधी चुकून जादा प्रत होते. जुनी आपलं काम करत राहते, नवी बदलत जाते आणि एखाद्या दिवशी वेगळाच रेणू बनवते. किडीला तो नकोसा झाला तर त्या झाडाचं बी टिकतं. कॉफी आणि चहा यांनी कॅफीन असंच, एकमेकांशी संबंध नसताना, मिळवलं.

पण कीडही बदलते. माझ्या कुंडीवर काळं मॉर्मन फुलपाखरू येतं. मादी पुढच्या पायांनी पानावर टकटक करून त्यातली रसायनं चाखते, मगच अंडं घालते. ज्या तेलाने बाकीचे किडे दूर राहतात, त्याच घरात तिची पिल्लं वाढतात. अळी आधी पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, मग हिरवी होते. बोट लावलंत तर डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. १९६४ मध्ये एर्लिक आणि रेव्हन या जीवशास्त्रज्ञांनी वनस्पती आणि फुलपाखरांच्या याच चढाओढीवर लिहिलं होतं.

कुंडी सर्वांत जास्त उन्हाच्या खिडकीत न्या, वरची दोन बोटं माती सुकल्यावरच पाणी घाला, ताक-खत कमी करा. एप्रिलमध्ये कोवळं नाही, निबर पान चुरगळून बघा. अळी दिसली तर दोन-चार पानं तिला राहू द्या.