वाचकांचे प्रश्न : प्रवाहातही न सुटणारी पकड

प्रश्न : मूत्रमार्गातील जिवाणू लघवीबरोबर वाहून का जात नाहीत?

उत्तर : मूत्रमार्गाच्या संसर्गास बहुतेक वेळा कारणीभूत ठरणाऱ्या ई. कोलाय जिवाणूच्या पृष्ठभागावर जेमतेम 7 नॅनोमीटर जाडीचे केसासारखे तंतू असतात. ‘फिमए’ प्रथिनाच्या शेकडो प्रती मळसूत्राप्रमाणे रचून तंतूचा दांडा बनतो. प्रत्येक प्रत म्हणजे दुमडलेली साखळी; तिच्या घडीत एक पट्टी कमी असल्याने खाच राहते आणि ती खाच शेजारच्या प्रतीची शेपटी भरून काढते. टोकावरचे ‘फिमएच’ प्रथिन मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करेला धरते. खरी गंमत पुढेच आहे : प्रवाहाची ओढ बसली की फिमएचचे दोन भाग एकमेकांपासून दूर सरतात, शर्करेभोवतीची खोबण आवळली जाते आणि पकड सुटण्याऐवजी घट्ट होते.