टीएमटीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आहे, पण ठोके किती झाले होते?

आपल्या वडिलांचे वय 58, रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल सुरू, गुडघे दुखतात, भरभर चालले की छाती भरून येते आणि यवतमाळला टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवून करायची हृदयाची चाचणी) करायला सांगितली आहे; तिला जाण्याआधी काय पाहावे, हा आपला प्रश्न वाचताना माझ्या थोरल्या भावाचीच फाईल समोर आली. मी डॉक्टर नाही. गोळ्यांबाबतचा निर्णय चाचणी लिहून देणाऱ्यांचाच राहील.

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारख्या गोळ्या हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत, आणि टीएमटीत तर ठोके वाढवूनच हृदयाला रक्त पुरते की नाही हे पाहायचे असते. 220 मधून वय वजा करून येणाऱ्या आकड्याच्या 85 टक्क्यांपर्यंत ठोके जावेत, असा सर्वसाधारण हिशेब आहे; आपल्या वडिलांसाठी तो मिनिटाला सुमारे 138 येतो. भाऊ तेव्हा 56 वर्षांचे होते, म्हणजे 139 हवे होते. ते 112 वरच थकून थांबले. आम्ही गेलो त्या तपासणी केंद्रात कोणत्या गोळ्या चालू आहेत हे कोणी विचारले नाही, आणि पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘निगेटिव्ह’, म्हणजे दोष दिसला नाही, असे छापून दिले. अपेक्षित ठोके गाठले नाहीत, ही ओळ आतल्या पानावर बारीक अक्षरांत होती. असा निकाल खरे तर अनिर्णित मानायला हवा. ईसीजीच्या पट्ट्या मागितल्या, तर त्या रुग्णाला देत नसल्याचे सांगण्यात आले. त्या एका शब्दाच्या भरवशावर भाऊ कापूस वेचणीच्या हंगामभर गाठोडी उचलत राहिले आणि छातीतल्या जडपणाला सगळे पित्त म्हणत राहिले. पुढे नागपूरला अँजिओग्राफीत हृदयाच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा निघाला. पावती फाडताना मात्र त्या केंद्राने एकही रकाना रिकामा सोडला नव्हता.

म्हणून गोळ्यांची पाकिटे आणि जुना ईसीजी सोबत न्या, आणि ही गोळी चाचणीपूर्वी थांबवायची का, किती दिवस, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या. निदानासाठी चाचणी असेल तर गोळी बहुधा एक-दोन दिवस आधी थांबवतात, आजार आधीच ठाऊक असेल तर कधी चालूही ठेवतात. मनाने एकाएकी बंद करणे मात्र धोक्याचे आहे. चाचणीपूर्वी चहा, बिडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा टाळावा (खर्ऱ्याबद्दल आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो). दोन-तीन तास आधी हलके खाणे पुरे; मधुमेहाची गोळी असेल तर तिचेही विचारावे.

चपलेवर जाऊ नये. दिवसभर शेतात चालणारा माणूसही सरकत्या पट्ट्यावर बिचकतो आणि दांडा घट्ट धरतो, त्यामुळे त्याची क्षमता आहे त्यापेक्षा जास्त दिसते. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ दोन्ही वाढतात. गुडघ्यांना ते झेपणार नसेल तर औषधाने ठोके वाढवून केली जाणारी हृदयाची सोनोग्राफी (डोब्युटामिन स्ट्रेस इको) चालेल का, हे आधीच विचारा. काही त्रास नसताना तपासणीच्या पॅकेजमध्ये टीएमटी करून घेणे मला तरी व्यर्थ वाटते, पण आपल्या वडिलांना त्रास आहे, तेव्हा ती टाळू नका.

बसल्या जागी छातीत दुखू लागले किंवा घाम फुटला, तर टीएमटीची तारीख धरून न बसता लगेच 108 ला फोन करा. अशा अवस्थेत पट्ट्यावर चालवणेच चुकीचे आहे.