पावसाळा जाऊ दे, मग लगदा काढ

अगं, केळीच्या खांबापासून घरी कागद करायची तुझी हौस कळते, पण गोव्यात जूनमध्ये सुरुवात नको. माझे पहिले वीस कागद भर पावसातले. चौथ्या दिवशी सगळ्यांवर बुरशी. दसऱ्यानंतरचं ऊन गाठ.

केळीचा घड उतरला की खांब तसाही तोडतात, तोच मागून आण. त्याची सोपटं, म्हणजे खांबाचे थर, सुटे करून वाळव, बोटाच्या पेराएवढी काप. वजनाच्या पाचव्या हिश्शाइतका धुण्याचा सोडा घालून दोन-तीन तास शिजव. टोप स्टीलचाच घे, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. मग धू, पुन्हा धू, पाणी नितळ होईपर्यंत. मी इथेच कंटाळले होते, आणि कागद पिवळा, ठिसूळ झाला.

लगदा करायला मिक्सर चालतो, पण तंतू तोडतो. दांडक्याने कुटलेला कागद चिवट होतो. आकाशकंदिलाला मी तोच लावते. झालं का बघायला चिमूटभर लगदा काचेच्या बरणीत पाण्यात हलव. गुठळ्या दिसल्या तर अजून कूट. ढगासारखा पसरला की सगळा लगदा पाण्याच्या टबात घालून त्यात जाळीची चौकट बुडव, आणि वर काढताना पाणी निथळायच्या आत डावी-उजवीकडे, पुढे-मागे हलव.

पहिला कागद खड्डेवाला येईल. फेकू नकोस, भिजवून परत टबात घाल.